मुलाणीसाहेबांचा टेप

अकरा वर्षं ज्या माणसाने फोन केला नाही, त्याचा फोन रविवारी सकाळी पावणेआठला आला की मनात काय येतं? माझ्या मनात आलं, हा आता विमा विकत असणार. नाहीतर कुणाच्या तरी नोकरीसाठी शब्द टाकायला सांगणार. चांगलं म्हणून काही एक मनात आलं नाही, आणि त्याला कारण होतं. याच माणसाने अकरा वर्षांपूर्वी दोन सहकाऱ्यांसमोर मला लबाड ठरवलं होतं.

"वाळिंबे, मुलाणी बोलतोय."

"कोण मुलाणी?" मी मुद्दाम विचारलं.

"गफूर मुलाणी. क्वालिटीचा." मग जरा थांबून, "तू वाळिंबेच हाईस ना? आवाज जाड झालाय तुझा."

घ्या! फोन यांनी लावलेला, आणि खात्री माझी करून घेतायत. मी म्हटलं, "मीच आहे. बोला."

"पुढच्या रविवारी घरी ये. चऱ्होलीला ऱ्हायला आलोय आता. तुझे बुटके घेऊन ये. सगळेच्या सगळे."

"कशाला?"

"ये म्हणतोय ना." आणि फोन ठेवला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "कोणाचा होता?" मी नाव सांगितलं. "काय पाहिजे त्यांना?" म्हणाली. तेच तर मला कळत नव्हतं.

मुलाणीसाहेब चाकणच्या आमच्या कंपनीत क्वालिटीचे प्रमुख होते आणि मी डिझाईनमध्ये नवा पोरगा. गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग बनायचे तिथे. मूळचे ते आळंदीच्या बाजूच्या खेड्यातले. बोलणं शेवटपर्यंत गावाकडचंच राहिलं, अगदी परदेशी पाहुण्यांसमोरसुद्धा. उंच, हडकुळे, खिशाला कायम एक भिंग. या माणसाने आयुष्यात कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय घेतली नाही. कॅन्टीनचा चहा आला की आधी कप उजेडाकडे धरायचे. लिफ्टमध्ये शिरण्याआधी आत किती माणसं आहेत ते मोजून भिंतीवरची पाटी वाचायचे आणि बऱ्याचदा जिन्याने जायचे. माल पुरवणाऱ्याने सर्टिफिकेट पुढे केलं की ते बाजूला सारून म्हणायचे, "कागुद खोटं बोलत न्हाई, पण लिहिणारा बोलतो. माल दाव." आणि त्यांचं ब्रीदवाक्य सगळ्या प्लॅन्टला पाठ होतं: आधी मोज, मंग मान. आम्ही पोरं त्यांच्या माघारी भेळेतल्या शेंगदाण्यांनाही ते लावायचो.

आता बुटक्यांचं सांगतो. कॉलेजात असताना होस्टेलच्या एका मित्राने मला एका खेळाचं वेड लावलं होतं. मोठ्या टेबलावर थर्माकोलचे डोंगर आणि पडके किल्ले मांडायचे, त्यात अंगठ्याएवढ्या मोहऱ्यांच्या फौजा उभ्या करायच्या. बुटके, राक्षस, सांगाडे, ड्रॅगन, ज्याला जे आवडेल ते. फासे टाकायचे, टेपने इंच मोजून मोहरे पुढे सरकवायचे, भिडवायचे. मोहरे प्लॅस्टिकच्या चौकटीतून कापून, जोडून, रंगवून स्वतः तयार करायचे. कोणी म्हणेल पोरखेळ. म्हणू दे. केसाएवढ्या ब्रशने बुटक्याच्या दाढीत लाल रंग भरताना माझी जेवढी समाधी लागायची, तेवढी देवापुढे कधी लागली नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी असाच एक बुटका रंगवत बसलो होतो आणि मागून आवाज आला, "ह्ये काय हाय?"

मला वाटलं, मेलो. मुलाणीसाहेबांनी मोहरा उचलला, भिंगाखाली धरला आणि काही न बोलता घेऊन गेले. मी मागे मागे. त्यांनी तो थेट तपासणी विभागातल्या प्रोजेक्टरखाली ठेवला. पडद्यावर माझा बुटका दोन फूट उंच होऊन उभा राहिला.

"बघ," ते म्हणाले. "साच्याची रेघ. डोक्यापासनं बुटापर्यंत. हिला न घासता रंग दिलास?"

"दिसत नाही ती, साहेब."

"तुला दिसत न्हाई. हाय तर खरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं की असे मोहरे कुठे मिळतात. मला वाटलं तक्रार करणार असतील. महिनाभराने त्यांची स्वतःची फौज तयार होती, सांगाड्यांची. सांगाडेच का, तर म्हणाले, "यांच्या आत काय दडलंय ते बाहेरनं दिसतं. तुझ्या बुटक्याच्या चिलखतात काय हाय, कुणाला ठावं?"

मग दर रविवारी सकाळी दिघीला त्यांच्या घरी आमचा खेळ सुरू झाला. ते, मी आणि कंपनीतलेच आणखी दोघे. पहिल्याच रविवारी त्यांनी सगळ्यांचे फासे जमा केले, भाभींकडून काचेच्या ग्लासात पाणी मागवलं, त्यात मीठ कालवलं आणि एकेक फासा त्या पाण्यात तरंगवून बोटाने फिरवून बघितला. दर वेळी एकच बाजू वर आली की फासा बाद. त्यात बाद झाला तो नेमका त्यांचा स्वतःचा फासा. आम्ही हसलो, ते नाही हसले. त्याला लाल चिठ्ठी लावली आणि डब्यात टाकला. भाभी दारातून म्हणाल्या, "माझ्या भाकरीचं पीठसुद्धा असंच बघतात. तीस वर्षं झाली लग्नाला, अजून तपासणी चालूच आहे."

दिघीतलं ते घर लष्कराच्या भिंतीला लागून होतं. एका रविवारी दारावर पोलीस हवालदार. कुणीतरी तक्रार केली होती की मुलाणीच्या घरात दर आठवड्याला चार माणसं जमतात, नकाशे पसरतात, फौजा मांडतात, मोजमापं करतात. लष्कराची भिंत, टेबलावरचा नकाशा आणि पाटीवरचं नाव, या तिन्हींची बेरीज कुणीतरी केली होती. माझं डोकंच फिरलं. मी उठून काहीतरी वेडंवाकडं बोलणार होतो, तर मुलाणीसाहेबांनी मला हाताने खाली बसवलं आणि हवालदाराला म्हणाले, "ओळखपत्र बघू."

त्या बिचाऱ्याने दाखवलं. यांनी भिंगाने वाचलं, फोटो चेहऱ्याशी ताडला, मग म्हणाले, "या आत. आता तुमी बघा." हवालदाराने टेबल बघितलं, सांगाडे बघितले, डोंगरामागचा हिरवा ड्रॅगन बघितला आणि विचारलं, "हा कोणाच्या बाजूने?" अर्धा तास बसला, चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला राग कसा येत नाही?" ते सांगाडे सरळ करत होते. म्हणाले, "येतो की. पण माझ्यावर शक घेणारे मोजत न्हाईत रं. नाव ऐकतात आन् मानतात. मी तसं कुनाचं करनार न्हाई. मी मोजनार." त्यांचा संशय मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. म्हणूनच पुढे जे झालं ते मला जास्त लागलं.

झालं ते असं. दोन वर्षांत मी त्यांच्याशी एकदाही जिंकलो नव्हतो. त्या रविवारी माझा बुटक्यांचा सरदार, लाल दाढीवाला, त्यांच्या सांगाड्यांच्या राजापासून बरोबर आठ इंचांवर होता. सरदाराची धाव आठ इंच. पोचला आणि एक घाव बसला की डाव माझा. मी मोजलं, आठ भरलं, सरदार नेऊन राजाला भिडवला. आनंदाने मी उठून उभाच राहिलो.

"थांब," मुलाणीसाहेब म्हणाले.

त्यांचा एक नियम होता. मोहरा हलवण्याआधी त्याच्या मागच्या कडेला पत्र्याची छोटी पट्टी ठेवायची, म्हणजे नंतर पडताळता येतं. त्यांनी खिशातून आपला टेप काढला, त्याच्या टोकाचा हूक त्या पट्टीला अडकवला आणि सरदारापर्यंत ओढला. खाली वाकले. भिंग लावलं.

"आठ इंच आन् एक मिलिमीटर. पोचत न्हाई."

"काहीतरीच! मी आत्ता मोजलंय."

"मोजलंस आठ. ठेवताना बोटानं सरकवलंस."

मी म्हटलं, "म्हणजे मी लबाडी केली?"

"मी न्हाई म्हणत," ते म्हणाले. "टेप म्हणतोय."

मी बाकीच्या दोघांकडे बघितलं. दोघांनीही नजर खाली घातली. मुलाणीसाहेबांचं माप चुकलेलं कुणी कधी बघितलं नव्हतं, मग चुकलं असणार कोण? मीच. मी बुटके गोळा केले, चपला घातल्या आणि निघालो. भाभी मागून हाका मारत होत्या. मी वळलो नाही.

त्यानंतर रविवार बंद झाले. वर्षभरात मी तळेगावला दुसरी नोकरी धरली. बुटके बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेले आणि डबा माळ्यावर गेला. बायको म्हणाली, "बाहुल्यांवरून भांडलात?" अगं, बाहुल्यांचं काय घेऊन बसलीस! पुढे एका लग्नात त्या दोघांपैकी एकजण भेटला, तर पंगतीत मला बघून दोन बोटांत चिमूटभर अंतर दाखवून हसला. एक मिलिमीटर. मस्करीच होती, पण माझी जिलबी पानातच राहिली. खरं सांगायचं तर पुढे पुढे माझा माझ्यावरच भरवसा राहिला नव्हता. सरकवलं असेल का मी, आनंदाच्या भरात?

तर असा माणूस बुटके घेऊन ये म्हणाला. मी ठरवलं, जायचंच नाही. आणि ठरवून दहा मिनिटांत शिडी लावून माळ्यावर चढलो.

डबा उघडला. रंगांच्या बाटल्या वाळून दगड झाल्या होत्या. तीन बुटक्यांच्या कुऱ्हाडी तुटलेल्या, एकाचं डोकं डब्याच्या तळाशी. सरदार मात्र शाबूत, लाल दाढीवर धूळ. मी फुंकर मारली आणि त्याला शर्टाच्या टोकाने पुसून दिव्याखाली धरला. त्या आठवड्यात मी कामावरून आलो की हातपाय धुऊन थेट टेबलाशी. नवे रंग आणले. बायको तीनदा जेवायला हाक मारायची. चाळिशी ओलांडलेला माणूस, डोळ्यांवर जवळचा चष्मा, आणि जीभ बाहेर काढून बुटक्याच्या ढालीला कडा काढतोय. एवढा खूश मी किती वर्षांत नव्हतो, आणि त्याचाच मला संशय यायला लागला. याच आनंदाने मागे तोंडघशी पाडलं होतं ना?

म्हणून पूर्ण तयारीनिशी गेलो. निघण्याआधी एकेका बुटक्याचा मोबाइलवर फोटो काढला. टेप दोन घेतले, एक जुना आणि एक नवाकोरा, पावतीसकट. बायको बघत होती. म्हणाली, "तुम्ही अगदी त्यांच्यासारखे झालात." मला ते अजिबात आवडलं नाही.

चऱ्होलीत शेतांच्या जागी उभ्या राहिलेल्या टोलेजंग इमारतींतली एक. लेकीने घेतलेला फ्लॅट. दार भाभींनी उघडलं. केस पांढरे झाले होते. माझा हात धरून म्हणाल्या, "आलास बाबा. हे सकाळपासून तीनदा खाली बघून आले."

हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. मी बघितलं आणि दारातच थांबलो. तेच डोंगर, तोच पडका किल्ला, सांगाडे त्याच जागी, राजा त्याच जागी. अकरा वर्षांपूर्वीचा डाव जसाच्या तसा. फक्त माझ्या बाजूची जागा रिकामी, आणि तिथे पेन्सिलीने बारीक बारीक फुल्या.

मुलाणीसाहेब खिडकीशी उभे होते. आणखी वाळले होते. त्यांनी एक पिवळा पडलेला कागद पुढे केला. त्यावर टेबलाचं रेखाटन आणि एकूण एक मोहऱ्याची मापं. "तू गेलास त्याच दिवशी काढलं हुतं. वाद झाला की जागा आधी टिपून ठेवायची असती."

"आता काय उपयोग त्याचा?"

त्यांनी टेबलाच्या कडेला बोट दाखवलं. तिथे त्यांचा तो टेप होता, आणि त्याला दोऱ्याने लाल चिठ्ठी बांधली होती. कंपनीत बाद मालाला लावायचे तशी.

"लेकीच्या किचनचं काम चालू हुतं," ते सांगू लागले. "राजस्थानी सुतार. मी मापं द्यायचो, त्यो फळ्या कापायचा. सगळ्या फळ्या एक मिलिमीटर जादा. मी त्याला झापला. त्यानं माझा टेप हातात घेतला, हूक हलवून बघितला आन् हसायला लागला. म्हणतो, चाचा, ये हूक किसने ठोक दिया? ये तो ढीला ही रहता है."

"म्हणजे?"

"हूक मुद्दाम सैल ठिवल्याला असतो वाळिंबे. अडकवून मोजलं की पुढं सरकतो, भिंतीला टेकवून मोजलं की मागं. त्याच्या जाडीएवढा. तवा माप खरं येतं. मला काय ठावं? मी जन्मभर व्हर्नियर आन् मायक्रोमीटरवाला. टेपनं मोजणाऱ्याला मी सुतार म्हणायचो. नवा टेप आणला, तर हूक खडखड करतोय. मला वाटलं, माल खराब. घरीच रिव्हेट ठोकून पक्का केला." त्यांनी टेपवरून अंगठा फिरवला. "कंपनीतलं एकूण एक हत्यार दरसाल तपासायला धाडत हुतो. ह्यो तेवढा माझा हुता. माझ्या टेपवर कोण शक घेणार?"

मी चिठ्ठी वाचली. त्यांचं ठाशीव अक्षर. वस्तू: टेप. दोष: हूक पक्का ठोकलेला, अडकवून मोजल्यास एक मिलिमीटर जास्त दाखवतो. जबाबदार: ग. मुलाणी. आणि शेवटच्या रकान्यात, परिणाम: वाळिंबे गेला.

माझा संतापच झाला. वाटलं होतं बरं वाटेल, पण संताप झाला. "अकरा वर्षं!" मी ओरडलो. "लोक मला हसले. मी स्वतःला लबाड समजत राहिलो, मुलाणीसाहेब! एकदा दुसऱ्या टेपने मोजलं असतंत तर? एकदा!" आणखीही बरंच बोललो. भाभी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या. ते मान खाली घालून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "व्हय. खरं हाय." मग टेबलाकडे हात केला. "तुझी चाल हाय."

मी डोळे पुसले, बुटके काढले आणि एकेका फुलीवर मांडले. सरदार आठ इंच चालवला, राजाला भिडवला. आता नुसता घाव. एक सोडून काहीही पडलं तरी डाव माझा. मी फासा टाकला.

एक पडला.

मुलाणीसाहेबांनी फासा उचलला, भिंगाखाली फिरवून बघितला. "फासा बरोबर हाय," म्हणाले. भाभी पहिल्यांदा हसल्या, मग मी, आणि मग चक्क तेही हसले. तो डाव मी हरलो.

त्यानंतर दोन वर्षं रविवार चालले, आम्हा दोघांचेच. ते काही बदलले नाहीत. माझे फासे मिठाच्या पाण्यातून जायचे, माझी प्रत्येक चाल मोजली जायची, फक्त आता दोन टेपने. मीही त्यांची मोजायचो. साखरेने त्यांचे डोळे हळूहळू नेले. भिंग मोठं झालं, मग त्याचाही उपयोग होईना. गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

त्याआधीचा आमचा शेवटचा रविवार. माझा सरदार पुन्हा आठ इंचांच्या आसपास, त्यांचा राजा समोर. मी पत्र्याची पट्टी ठेवली, टेप काढला आणि सवयीने त्यांच्यासाठी थांबलो. ते वाकले, डोळे बारीक केले, बोटांनी टेबलाची कड चाचपली. मग सरळ झाले.

"तूच मोज," म्हणाले, आणि वळून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पाठ माझ्याकडे. बाहेर त्यांना काही दिसत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी मोजलं. "आठ भरतंय, साहेब. पोचतो."

"पोचतो ना? मंग पोचला."

पाठ तशीच राहिली. मी मात्र दुसरा टेप काढून पुन्हा एकदा मोजलं.